मासाई मुलींची फी भरण्याआधी मी काय विचारीन

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज बरोबर आहे का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही नैरोबीत नव्याने आला आहात. आंबोसेली उद्यानाच्या सहलीत एका लॉजवर संध्याकाळी एका संस्थेचं सादरीकरण पाहिलंत. वन्यजीव संवर्धनातून आम्ही गुरं पाळणाऱ्या मासाई समाजातल्या मुलींना शिकवतो, त्यांच्या आयांना मण्यांचं काम देतो, काही तरुणींना रेंजर, म्हणजे वन्यजीवांचे राखणदार, म्हणून नेमतो, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही सात-आठ मराठी कुटुंबं यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यासाठी वर्गणी काढणार आहात. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. यातून खरंच काही बदलतं की सगळं फोटोपुरतं असतं? आणि पैसे द्यायचेच तर मुलीच्या शिष्यवृत्तीला द्यावेत की बायकांच्या गटाला?

बदलतं. पण निव्वळ शिष्यवृत्तीमुळे बदललेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. संवर्धनाला लागणारी एखादी वस्तू जिथे बायकांच्या नावावर आली, मग ती जमिनीतला हिस्सा असो, गवत असो, मध असो की एखादी इमारत, तिथे मुली शाळेत टिकल्या. जिथे बायका नुसत्या लाभार्थी राहिल्या, तिथे प्रकल्पाची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी मुली शेळ्यांमागे दिसल्या.

हे सांगणारी मी कोण, तेही सांगते. माझी सुरुवात माण-खटावच्या बचत गटांची दप्तरं तपासण्यापासून झाली. नंतर बारा वर्षं केनियातल्या काजियाडो काउंटीत आणि थोडा काळ टांझानियातल्या सिमांजिरोत होते. काम तेच, बायकांच्या गटांना हिशोब शिकवायचा. सिंह-हत्तींचं मला फार कळत नाही, बारा वर्षांत कानावर पडलं तेवढंच. त्यामुळे उत्तर हिशोबाच्या बाजूने येईल. आणि खूप काही जागेवर अवलंबून असतं. जमीन सामाईक आहे की तुकडे पडलेत, पर्यटकांची वाट किती लांब आहे, ते वर्ष पावसाचं आहे की दुष्काळाचं, गाव केनियात आहे की सरहद्दीपलीकडे, यावर एकच योजना एका गावात रुजते आणि वीस किलोमीटरवर फसते.

सादरीकरणात साधारण असं चित्र असतं की मुलगी हुशार, बाप गरीब, फी भरली की प्रश्न मिटला. केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे. गणवेश, परीक्षा, जेवण असले खर्च असतातच, पण प्राथमिकच्या मुली घरी बसतात त्याचं पहिलं कारण फी नसतं. कारण असतं त्यांचे हात. मासाई घरात आई काय काय करते ते पाहा: घर स्वतः बांधते आणि शेणाने लिंपते, पहाटे नि संध्याकाळी धारा काढते, लाकूड आणते, गाढवांवर वीस-वीस लिटरचे पिवळे कॅन लादून पाणी आणते, वासरं आणि करडं सांभाळते. हे एका बाईच्या आवाक्यातलं काम नाही, म्हणून ते मुलीसोबत वाटून घेतलं जातं. मुलगी शाळेत गेली की तिच्या वाटणीचं काम आईच्या अंगावर पडतं. म्हणजे शाळेची खरी किंमत बाप मोजत नाही, आई मोजते, तीही वेळेत. कुठलाही प्रकल्प मला दाखवला की मी आधी हेच बघते की याने आईचा वेळ वाचतोय की आणखी खर्ची पडतोय.

दुसरं कारण हत्ती. हे खास तिकडचं. आंबोसेली राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं. किलिमांजारोवरून जमिनीखालून झिरपत आलेल्या पाण्याच्या दलदली उद्यानात आहेत. पुष्कळसे हत्ती रात्र बाहेरच्या झुडपांत काढतात आणि सकाळी पाण्याकडे निघतात. नेमक्या त्याच वेळी मुलंही शाळेला निघतात. सहा-सात किलोमीटरची वाट, उंच झुडपं, आणि पुढे कळप. अशा वाटेवर आई सात वर्षांच्या मुलीला एकटी कशी पाठवेल? म्हणून तिला नऊ-दहाव्या वर्षी पहिलीत घालतात. चौथी-पाचवीत येते तोवर ती वयात आलेली असते आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असतं. उशिरा सुरू झालेली शाळा लवकर सुटते, ते असं. शाळेच्या वेळेला त्या वाटेवर दोन रेंजर उभे करणं हा माझ्या लेखी शिक्षणाचाच खर्च आहे. अहवालात तो कधी त्या रकान्यात येत नाही.

पाण्याबद्दल एक अनुभव सांगते, कारण इथे आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं हमखास चुकतं. एका वस्तीसाठी बोअरवेलचे पैसे मंजूर झाले होते. पाणी वस्तीच्या जितकं जवळ तितकं बायकांना बरं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. माणमध्ये आम्ही तेच मागत वाढलो. बैठकीत पुरुषांनीही तीच जागा सांगितली. बायका गप्प. संध्याकाळी धारेच्या वेळी मी गोठ्याशी उभी असताना एक म्हातारी म्हणाली, पाणी दाराशी नको. दाराशी पाणी आलं की चार कोसांवरची गुरं दाराशी येतात, महिन्याभरात आमच्या वासरांचं गवत संपतं, आणि रात्री हत्ती येतात ते वेगळंच. त्यांना बोअर हवी होती शाळेच्या वाटेवर, मध्यावर, म्हणजे सकाळी मुलींसोबत निघावं, त्या पुढे शाळेला जातील, आपण पाणी घेऊन मागे फिरू. मासाई वस्तीजवळ लहान आणि आजारी जनावरांसाठी गवत राखून ठेवतात, त्याला ओलोपोलोली म्हणतात. त्याची खरी राखण बायकांकडे. ते गवत कशाने संपतं हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. बोअर शेवटी मध्यावर झाली, आणि त्या शाळेच्या पटावर मुली वाढल्या. नुसत्या पाण्याने वाढल्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच वर्षी पाऊसही बरा होता.

आता संवर्धनाचा पैसा. केनियातले निम्म्याहून जास्त वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांबाहेर, लोकांच्या जमिनीवर राहतात. म्हणून पर्यटन कंपन्या आणि संस्था जमीनमालकांना भाडं देतात, की या पट्ट्यात कुंपण घालू नका, शेती करू नका, ठरलेल्या वेळीच चारा. अशा पट्ट्याला तिकडे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. मासाई माराच्या भोवती २००६ नंतर अशा कॉन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या. नाबोइशो ही त्यातली मोठी, २०१० सालची. भाडं वेळेवर येतं, दुष्काळात गुरं मेली तरी येतं. चांगलीच गोष्ट आहे. पण ते येतं ज्याच्या नावाचा कागद आहे त्याच्या खात्यात, आणि सामाईक जमिनीचे तुकडे पडले तेव्हा कागद जवळपास सगळे पुरुषांच्या नावाने निघाले. गंमत अशी की घर बाई बांधते, परंपरेने घर तिचंच मानतात, आणि घराखालची जमीन मात्र तिची नाही. सिंहाने जनावर मारलं तर काही भागांत भरपाई मिळते, तीही घरधन्याला. तरसाने रात्री करडू नेलं तर ते सांभाळणारी बाई, पंचनाम्यासाठी रेंजरला बोलावणारी बाई, आणि एम-पेसावर, म्हणजे तिकडच्या मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर, पैसे आल्याचा संदेश वाजतो नवऱ्याच्या खिशात.

म्हणून बाप खलनायक ठरत नाही, हेही सांगून ठेवते. त्याचा कळप हीच त्याची बँक. दुष्काळात गुरं हाडकुळी होतात, बाजारात भाव पडतो, त्याच वेळी मक्याचं पीठ महागतं. २०२२ च्या दुष्काळात रस्त्याकडेला सांगाड्यांचे ढीग मी पाहिलेत. अशा वर्षी मुलीच्या लग्नात येणारी गुरं बापाला काय वाटत असतील, हे दुष्काळी गावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पैसा त्याच्याच नावावर येत असेल तर तो आधी कळप उभा करणार. त्याचं तर्कशास्त्र बरोबरच आहे. पण त्या तर्कशास्त्रात मुलीच्या वहीचा नंबर शेवटचा लागतो.

मग बाईच्या नावावर काही यावं कसं? इथे मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत उपयोगी संवर्धनकार्य सांगते: भाड्याने घेतलेली एक मटाटू, म्हणजे तिकडची वडाप. तीन दिवस ती बायकांना तालुक्याच्या ठिकाणी ओळखपत्र काढायला नेत होती. केनियात ओळखपत्राशिवाय सिमकार्ड नाही, सिमशिवाय एम-पेसा नाही, बँकेत खातं नाही, आणि जमिनीच्या सभासद यादीत नाव लागत नाही. चीफचं, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याचं पत्र, आईबापांची कागदपत्रं, अंगठे, सगळं गोळा करत आम्ही हिंडलो. पैसे देणाऱ्यांनी हिशोबावर शेरा मारला, की याचा हत्तींशी संबंध काय? मी दोन पानी उत्तर लिहिलं होतं. ते आता सापडत नाही, पण मतलब पुढच्या परिच्छेदात आहे.

१९६८ च्या कायद्याने केनियात ग्रुप रँच तयार झाले, म्हणजे एका समूहाच्या नावे मोठी जमीन. सभासद म्हणून बहुतेक ठिकाणी कुटुंबप्रमुख पुरुषांचीच नोंद झाली. २०१६ च्या सामुदायिक जमीन कायद्याने हे बदललं. आता समूहातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची सभासद म्हणून नोंद व्हायला हवी, बाईची तिच्या स्वतःच्या नावाने. जमिनीबाबतचे मोठे निर्णय नोंदलेल्या सभासदांच्या दोन तृतीयांश बहुमताने होतात. आता विचार करा. निम्म्या सभासद बायका असतील तर त्यांना वगळून कॉन्झर्व्हन्सीचा करार मंजूरच होऊ शकत नाही. भाड्यातला काही हिस्सा शाळेच्या वसतिगृहाला द्या, अशी अट त्या घालू शकतात. पण यादीत नाव असेल तरच, आणि नाव ओळखपत्र असेल तरच. हत्तींशी संबंध तो हा. आपल्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतजमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावला होता, ते ज्यांना आठवतंय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. कायदा झाला म्हणून सगळीकडे अंमल झाला असं नाही. कित्येक ठिकाणी नोंदणी रखडली आहे, आणि जिथे घाईघाईने वाटणी उरकली तिथे विधवा बाहेर राहिल्या.

नावावर काहीतरी असणं म्हणजे काय, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण केनियाच्या दक्षिण रिफ्ट खोऱ्यातलं, मगाडी सरोवराच्या पलीकडच्या ओल्किरामाटियनचं आहे. तिथे लालेनोक नावाचं केंद्र आहे. संशोधक येऊन राहतात, सिंह-बबून-गवताच्या नोंदी होतात, स्थानिक शिकलेली मुलं-मुली ती माहिती गोळा करून गावासमोर ठेवतात. सोरालो ही त्या भागातल्या जमीनमालकांची संघटना त्यात बरोबर आहे. पण केंद्राची मालकी आहे रेतो नावाच्या बायकांच्या गटाकडे. रेतो म्हणजे मदत. बाहेरून आलेला पीएचडीवाला तिथे राहतो तेव्हा बायकांच्या जागेत, त्यांना पैसे देऊन राहतो. बचत गटाला पापड-लोणची करायला सांगणारे आपण खूप पाहिलेत. बायकांच्या गटाच्या मालकीचं संशोधन केंद्र असू शकतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. शिवाय सकाळ-संध्याकाळ समोर शिकलेल्या मुली वही-जीपीएस घेऊन काम करताना दिसतात. शिकून काय होतं, हे आईला भाषणातून सांगावं लागत नाही.

रेंजर मुलींबद्दल तुम्ही खास विचारलंय. तुम्ही पाहिलेली छायाचित्रं टीम लायोनेसची असण्याची शक्यता आहे. आंबोसेलीला लागून असलेल्या ओल्गुलुलुईच्या सामुदायिक रेंजर दलात २०१९ मध्ये आयफॉ या आंतरराष्ट्रीय प्राणीकल्याण संस्थेच्या पाठबळाने आठ तरुणींची ही तुकडी उभी राहिली. आपापल्या घरात पगाराची नोकरी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्रिया. २०२० मध्ये कोविडच्या काळात त्या कित्येक महिने घरी न जाता गस्तीवर होत्या. काम खरं आहे, शोभेचं नाही. बायका रेंजर असल्या की आणखी एक फायदा होतो. पाण्यावर, लाकडाच्या वाटेवर इतर बायका त्यांच्याशी बोलतात, आणि परका माणूस कुठे दिसला, कोण मांस विकतंय ही खबर पुरुष रेंजरला महिनाभर हिंडून मिळत नाही. पण हिशोबाच्या नजरेने पाहिलं तर जागा मोजक्याच, आणि त्यासाठी शाळेची वरची पायरी गाठलेली मुलगी लागते. म्हणजे ही नोकरी शिक्षणाचं फळ आहे. ज्या मुलीला पाचवीतूनच काढलं तिला ती पोचत नाही. तिच्या आईला मात्र पोचते, एक उदाहरण म्हणून. दुसरं, तान्ही मुलं असलेल्या रेंजरचं मूल कोण सांभाळतं ते विचारा. एका दलात मी पाहिलं, आईला पगार मिळाला आणि मूल सांभाळायला तिच्या धाकट्या बहिणीची शाळा सुटली. ताळेबंद शून्य.

याउलट एक जुनी गोष्ट बायकांसाठीही करून पाहण्यासारखी आहे. त्याच भागात लायन गार्डियन्सने २००७ च्या सुमारास मासाई तरुण योद्ध्यांना, म्हणजे मोरानांना, सिंहांच्या राखणीला नेमलं. आधी हेच तरुण सिंहाची शिकार करून नाव कमवायचे. त्यातल्या अनेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. निवड झाली ती माग काढण्याच्या कौशल्यावर, आणि लिहिणं-वाचणं कामावर शिकवलं गेलं, कारण नोंदी ठेवायच्या होत्या. शिक्षणाची अट दारात न ठेवता घरात ठेवली, असं मी म्हणते. बायकांच्या बाबतीत कुणी असा विचार करत नाही. गवताची प्रत उतरली हे सर्वांत आधी धार काढणाऱ्या बाईला कळतं, कारण दूध आटतं. कुठल्या झाडाला यंदा शेंगा नाहीत, कुठल्या ओढ्याला तरस आलं, हे तिला ठाऊक असतं. आम्ही एका गटात रोजच्या दुधाच्या मापाची नोंद ठेवायला सुरुवात केली. पहिले चार महिने शेंगांच्या बियांनी, मग आकड्यांत. सहा महिन्यांनी पन्नाशीच्या बायका तारीख लिहीत होत्या. एकीने मला दाखवून दाखवून स्वतःचं नाव लिहिलं. त्यानंतर तिने नातीच्या शाळेत जाऊन प्रगतिपुस्तक मागितलं, आणि मास्तर गडबडले.

मध आणि गवत या दोन धंद्यांविषयी माझं मत चांगलं आहे. सिमांजिरोत आफ्रिकन पीपल अँड वाइल्डलाइफ ही संस्था बायकांच्या गटांना मधमाश्यांच्या पेट्या देते. उंच झाडावर चढून ओंडक्यातला मध काढणं पुरुषांचं काम होतं. पेटी खाली टांगली की ते बाईच्या हातात येतं. ज्या झाडाला पेटी टांगली ते कोळशासाठी कुणी तोडत नाही, हे जंगलाच्या दृष्टीने झालं. घरात मी पाहिलं ते वेगळंच: मधाचा पैसा पुरुष मागत नव्हते, कारण पेटी गटाची होती, एकटीची नव्हती. त्याच संस्थेने गोठ्याभोवती जाळी आणि जिवंत झाडांचे खांब वापरून कुंपणं केली. काटेरी फांद्यांच्या कुंपणाची दर वर्षीची तोड त्यातून वाचते, आणि मुलांची रात्रीची जागरणंही. केनियात कुकू या भागात जस्टडिगिट आणि मासाई वाइल्डरनेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थांसोबत बायका गवताच्या बियाण्याची राखीव कुरणं चालवतात. बी आणि वाळलेलं गवत विकतात. बाजूला अर्धचंद्राकार चर खणून पाणी मुरवलेलं असतं. हे पाहून मला आमच्या चारा छावण्या आठवल्या, फरक एवढाच की इथे चारा बायकांच्या मालकीचा आणि दुष्काळात पुरुष त्यांच्याकडे विकत मागायला येतात. त्या दिवशी बैठकीत कोण कुठे बसतं ते बदलतं.

मण्यांच्या कामाबद्दल मी जरा सावध आहे, कारण हात पोळलेत. मणी हा पूर्वीपासून बायकांचा प्रांत, त्याचा पैसा त्यांच्याकडेच राहतो, हे खरं. (काचेचे चांगले मणी बरेचसे चेक देशातून येतात, हे कळल्यावर माझा 'अस्सल स्थानिक'वरचा विश्वास थोडा उडाला.) आम्ही एका लॉजसाठी मोठी ऑर्डर घेतली. नेमका कोरडा हंगाम, बायका पाण्यासाठी अर्धा दिवस चालत होत्या. मुदत पाळायला त्यांनी मुलींना शाळेतून काढून मणी ओवायला बसवलं. ऑर्डर वेळेत गेली. मुलींच्या शिक्षणासाठीच्या प्रकल्पाने दीड महिना मुली घरी बसवल्या, आणि ही ऑर्डर घ्यायला हो म्हणणारी मीच होते. लॉजने पैसे चार महिन्यांनी दिले. तेव्हापासून मण्यांचं काम म्हटलं की मी हंगाम, मुदत आणि आगाऊ रक्कम या तीन गोष्टी विचारते.

एका विषयात मात्र पैसे देणाऱ्यांनी मागेच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींच्या सुंतेवर केनियात २०११ च्या कायद्याने बंदी आहे. ती झाली की मुलगी लग्नाला तयार मानली जाते, म्हणून शाळा आणि सुंता हे एकाच दोरीला बांधलेले प्रश्न आहेत. तो दोर सोडवला तो मासाई बायकांनीच. आंबोसेलीजवळच्या किमाना भागातल्या नाइस नाइलांतेइ लेंगेते लहानपणी त्यातून पळाल्या, आणि पुढे ज्येष्ठांशी, तरुण पुरुषांशी वर्षानुवर्षं बोलून सुंतेविना वयात येण्याचा सोहळा रुजवत गेल्या. काकेन्या न्ताइया यांनी २००९ मध्ये केनियातल्या एनूसाएन या आपल्या गावी मुलींची निवासी शाळा काढली. बाहेरच्या माणसाने फलक धरून गावात शिरलं की प्रथा थांबत नाही, लपते. तुमच्या संस्थेने याचं श्रेय स्वतःकडे घेतलं असेल तर मी जरा थांबून विचारीन की गावातली कोण बाई हे काम करते.

टांझानियातल्या कामाला पैसे देणार असाल तर आणखी एक गोष्ट. संवर्धन या शब्दाचा तिथे अनेक मासाई घरांत अर्थ 'उठवणं' असा आहे. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून त्यांना न्गोरोंगोरोत आणलं. २०२२ मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोतली १,५०० चौरस किलोमीटर जमीन वेगळी काढली गेली, आणि न्गोरोंगोरोतून दूरच्या म्सोमेरा गावाकडे स्थलांतर सुरू झालं. या जमिनीसाठीच्या निदर्शनांत बायका आघाडीवर होत्या. त्यांच्यातलंच पास्टोरल विमेन्स काउन्सिल १९९७ पासून जमिनीचे हक्क आणि मुलींचं शिक्षण ही दोन्ही कामं एकत्र करतं, आणि ते एकत्रच व्हायला हवं. ज्या वस्तीला पुढच्या वर्षी इथे असू की नाही हे माहीत नाही, तिथे शाळेचा फलक रंगवून काय होणार.

आता तुमच्या पैशांचं. मी तुमच्या जागी असते तर रक्कम फोडली असती. मोठा भाग बायकांच्या गटाला, आणि शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते गटाला ठरवू द्या. तिकडे गटाला चामा म्हणतात, आपली भिशीच ती. पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. माझ्या अनुभवात चामाने निवडलेल्या मुली संस्थेने निवडलेल्या मुलींपेक्षा जास्त टिकल्या. संस्था गुण पाहून हुशार मुलगी निवडते. चामा निवडते ती मुलगी जिच्या आईचं काम वाटून घ्यायला बाकीच्या तयार आहेत. लहान भाग ओळखपत्रं आणि जमिनीच्या नोंदणीच्या धावपळीला ठेवा, त्याला सहसा कुणी पैसे देत नाही.

आणि संस्थेला फोन कराल तेव्हा किती मुली शिकवल्या हे विचारू नका, आकडा तयारच असतो. विचारा की प्राथमिकनंतर किती टिकल्या. २०२३ पासून सातवी ते नववी जवळच्या प्राथमिक शाळेच्याच आवारात भरते, त्यामुळे गळती आता त्याच्या पुढे, लांबच्या वरिष्ठ शाळेत जाताना होते. तिथलं काय ते विचारा. पैसे कुणाच्या नंबरवर जातात ते विचारा. समितीत सह्या कोण करतं, आणि मागच्या वर्षभरात बायकांनी एखादा प्रस्ताव नाकारला आहे का, हेही विचारा. नाकारलेलं एकही उदाहरण नसेल तर त्या समितीत बायका नुसत्या बसलेल्या आहेत. जमलं तर एकदा स्वतः जा. लॉजवर नको, वस्तीवर. बायकांना 'ताक्वेन्या' म्हणा, त्या 'इको' म्हणतील. संध्याकाळी धारेच्या वेळी जा आणि बसा.

वेळेचं राहिलं. केनियातलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून बहुतेक देणगीदार जानेवारीची फी भरतात. पण मुली हातातून जातात त्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत. सुंता आणि लग्नं तेव्हाच उरकतात, आणि जानेवारीत फी भरलेली असूनही बाक रिकामा असतो. काही शाळा आणि गट या सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवतात, शिकवणीच्या नावाने. त्याला लागतं मक्याचं पीठ, बीन्स, एक स्वयंपाकीण, रात्रीचा राखणदार. ही मोठी रक्कम नाही, पण बजेटमध्ये ती कुणीच धरलेली नसते. तुमची वर्गणी दिवाळीत जमेल म्हणता. सुट्टी त्याच सुमाराला लागते. त्या भागातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला आत्ताच विचारून ठेवा, की यंदा वसतिगृह उघडं ठेवायचं तर किती पोती पीठ लागेल.